गोठ्यातला घिस्सा

शिवाजी पेठेतल्या कृष्णात साळोख्याला देवानं अंगापिंडानं पैलवान केला आणि बोटं तेवढी हलगीवाल्याची दिली. आता यात कृष्णातचा काय दोष? पण हे त्याच्या आण्णांना समजावून सांगायला अख्ख्या पेठेतून कुणी गेलं नाही. गेलं असतं तर धड परत आलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

आण्णा म्हणजे जुने मल्ल. दोन्ही कान मोडलेले, गुडघे कुरकुरणारे, पण सकाळी तालमीत जाऊन चार पोरांना शिव्या घातल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. त्यांना एकच मुलगा. तो चालायला लागला तेव्हाच आण्णांनी त्याच्या मांड्या चाचपून बघितल्या आणि बयाबाईंना, म्हणजे कृष्णातच्या आईला, सांगून टाकलं की याला शाळेत घाला नाहीतर नका घालू, तालमीत मी घालणार. तसा घातलाही. दूध, तूप, बदाम, जोर, बैठका सगळं यथासांग चाललं होतं. अडचण एवढीच की बाकीची पोरं बैठका मोजून मारायची आणि हा तालात मारायचा. मधेच एखादी गाळायचा, मग दोन पटापट घ्यायचा, आणि शेजारचा पैलवान आपली मोजणी विसरून याच्या खानदानाचा उद्धार करायचा.

आणीबाणी उठली त्या साली जयसिंगपूरच्या मैदानात कृष्णातची पहिली मोठी कुस्ती लागली. लाल लंगोट बयाबाईंनी स्वतः शिवलेला आणि आण्णांनी तालमीतल्या मारुतीच्या पायाला लावून आणलेला. समोरचा गडी साधारणच होता. कृष्णातनं त्याला हां हां म्हणता खाली घेतला, वर कब्जा केला, आता नुसता उलथायचा बाकी होता. तेवढ्यात हलगीवाल्याला चेव आला. त्याचा हात असा काही पडायला लागला की कृष्णातची बोटं कृष्णातच्या ताब्यात राहिली नाहीत. खाली दबलेल्या गड्याच्या पाठीवर त्यानं ताल धरला. त्या बिचाऱ्यालाही आधी कळेना, हा कुठला नवा डाव. मग कळलं. तो हळूच खालून सटकला आणि त्यानं कृष्णातला आभाळ दाखवलं. पाठ मातीला लागली तरी याच्या उजव्या हाताची बोटं मातीवर वाजतच होती, आणि ते पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं. पुढच्या रांगेत आण्णा बसले होते.

पोरगा हरला याचं आण्णांना काही नव्हतं. हरणं त्यांनीही पचवलं होतं. पण हरता हरता ताल धरला, हे मात्र त्यांना सोसेना. परतताना एस.टी.त ते वेगळ्या बाकावर बसले आणि त्या दिवसापासून त्यांनी कृष्णातशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे टाकलं. घरात माणसं तीन, जेवायला बसायची मांडीला मांडी लावून, तरी आण्णा बयाबाईंकडं बघून म्हणायचे की त्याला विचारा, भाकरी पाहिजे का. कृष्णात आईकडं बघून सांगायचा, पाहिजे म्हणावं. एकदा कृष्णातच्या पायाशी विंचू निघाला. आण्णांनी तो बघितला, पण बयाबाई परड्यात गोवऱ्या थापत होत्या. मग आण्णा उठले, कुरकुरते गुडघे घेऊन परड्यात गेले आणि म्हणाले, त्याला सांगा की विंचू आलाय. बयाबाई शेणाच्या हातानं धावत आल्या तोवर कृष्णातनं विंचू मारून टाकला होता.

कट्ट्यावरच्या मित्रांना हे सगळं कृष्णात इतकं रंगवून सांगायचा की हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण घरी आला की त्याचं तोंड उतरायचं. आण्णा शेजारच्या खोलीत खोकले तरी तो कान टवकारायचा. त्याला फार काही नको होतं. आण्णांच्या तोंडून एक शब्द, अगदी शिवी असली तरी चालेल, पण थेट त्याला उद्देशून. तेवढ्यासाठी तो काहीही करायला तयार होता आणि काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

तालीम सुटलीच होती, तर तो आकारामच्या स्पीकरच्या दुकानात लागला. लग्न असो, बारसं असो, पुढाऱ्याची सभा असो, आकारामचे कर्णे झाडावर चढल्याशिवाय कोल्हापुरात कुणाचं काही साजरं व्हायचं नाही. कृष्णातचा त्याला मोठा उपयोग झाला, कारण जी बॅटरी उचलायला दोन माणसं लागायची ती हा काखोटीला मारून झाडावर चढायचा. हळूहळू आकारामनं त्याला मशीनवर बसवलं. रेकॉर्ड कशी पुसायची, सुई कशी अलगद ठेवायची, हे सगळं शिकवलं. आकाराम तिरसट होता, पण रेकॉर्डीवर त्याचा जीव होता. रेकॉर्ड हातात घेताना तो चप्पल काढायचा.

मग झालं हुपरीचं लग्न. चांदीच्या पैंजणांचा कारखाना असलेलं घर, मांडव असा की बघत राहावं. आणि ऐन मुहूर्ताला नवरदेवाचे मामा रुसले. का, तर पाय धुवायला त्यांना गार पाणी दिलं. मामा पिशवी उचलून एस.टी. स्टँडच्या वाटेला लागले, मागनं विनवण्या करत निम्मं वऱ्हाड. इकडं मशीनवर सनई लावलेली, तिची सुई एका जागी अडकून पीं पीं पीं करायला लागली. कृष्णातनं घाईनं बोट लावलं, ते जरा जोरात लागलं आणि रेकॉर्ड उलटी फिरली. झाडावरच्या कर्ण्यातून मोठा घ्यांव असा आवाज निघाला. नेमकं त्याच वेळी मामांनी पाऊल टाकलं होतं.

दुसरा कुणी असता तर त्यानं सुई उचलली असती. कृष्णातची बोटं कुणाची होती हे तुम्हाला ठाऊक आहे. मामांनी पुढचं पाऊल टाकलं, यानं पुन्हा रेकॉर्ड मागं ओढली, घ्यांव. मामा थांबले, यानं हात थांबवला. मामांनी दबकत पाऊल टाकलं, यानं हळूच घ्यूं केलं. मामा भराभरा चालायला लागले तर कर्णा घ्यांवघ्यांवघ्यांव. वऱ्हाड पोट धरून बसलं, वाजंत्री वाजवायचं विसरले, आणि शेवटी मामांनाही आवरेना. ते वाटेतच पिशवी टाकून हसत खाली बसले. तिथून त्यांना उचलून आणून गरम पाण्यानं पाय धुतले आणि लग्न लागलं. मुलीकडच्यांनी कृष्णातला दोनदा जेवायला घातलं, आणि मुलाकडच्यांनी कोल्हापुरात येऊन आकारामकडं तक्रार केली.

आकारामनं मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. पण सनईच्या रेकॉर्डवर उठलेला पांढरा ओरखडा बघितला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं कृष्णातला बजावलं की पुन्हा माझ्या रेकॉर्डला बोट लावशील तर दुकानाची पायरी विसर. आणि ती खराब झालेली सनई, एक कण्हणारं जुनं मशीन, एक फुटका कर्णा आणि टाकाऊ रेकॉर्डींचा गठ्ठा त्याच्या अंगावर टाकला. काय घासायचंय ते यावर घास म्हणाला. त्याला वाटलं ही शिक्षा झाली. कृष्णात ते सगळं डोक्यावर घेऊन शीळ घालत घरी आला.

घरी त्यानं मशीन लावलं, एकदाच मागं ओढलं, आणि आण्णा उठून आले. त्यांनी मशीन उचललं आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं. पाठोपाठ कर्णा. पाठोपाठ गठ्ठा. बयाबाईंना मधे घालून काही सांगायचेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

मग उरला हंबीररावांचा गोठा. हंबीरराव गवळी साळोख्यांच्या घराला लागूनच राहायचे. गोठा रस्त्याच्या कडेला, गोठ्यापुढं दगडी कट्टा. सकाळ-संध्याकाळ हंबीरराव म्हैस कट्ट्यापाशी आणून बांधायचे आणि गिऱ्हाईकं हातात पेले घेऊन उभी राहायची. धार सरळ पेल्यात, फेसासकट प्यायची, मिशी पुसायची आणि घरी जायचं. आण्णा त्या कट्ट्याचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. तेही फक्त गजराचं दूध पिणारे. गजरा म्हणजे हंबीररावांची लाडकी म्हैस, शिंगं मागं वळलेली, गळ्यात पितळी घंटा, आणि रुबाब असा की तिला वाट देताना बैलगाड्या थांबाव्यात. बाकीच्या म्हशींचं दूध आण्णांच्या लेखी पाणी होतं. हंबीररावांना कृष्णातनं विचारलं की गोठ्यात बसून जरा वाजवू का. ते म्हणाले, वाजव की, मला कुठं काय ऐकू येतंय. आणि ते खरंच होतं. त्यांच्या कानाशी भोंगा वाजला तरी त्यांना वाटायचं की वारा सुटलाय.

कृष्णात सकाळी दुकानात जायच्या आधी आणि संध्याकाळी दुकानातून आल्यावर गोठ्यात बसायला लागला. कुडाच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला गजराची धार. पहिल्या पहिल्यांदा तिथून जे आवाज निघाले ते ऐकून कट्ट्यावरचे लोक म्हणायचे की हंबीररावानं मांजरं पाळलीत काय. रेकॉर्ड मागं ओढली की खालची थाळी पण अडायची आणि मशीन कण्हायचं. मधे काहीतरी निसरडं पाहिजे हे त्याच्या ध्यानात आलं. वर्तमानपत्र घातलं, ते फाटलं. आईचं खणाचं कापड पळवलं, ते गोळा झालं आणि मार बसला तो वेगळाच. मग एक दिवस त्यानं ट्रंकेतून जयसिंगपूरचा लाल लंगोट काढला. बराच वेळ हातात धरून बसला. मग त्यातून रेकॉर्डएवढा गोल कापला, खळ घातली, इस्त्री केली आणि थाळीवर ठेवला. काय जमला म्हणता. वर रेकॉर्ड बोटाखाली लोण्यासारखी सरकायची आणि खाली थाळी आपली फिरतच राहायची.

म्हशीनं पाय आपटला की सुई उडायची, म्हणून त्यानं मशीन सरकीच्या पोत्यावर ठेवलं. सुईच्या दांडीवर मेणानं एक नाणं चिकटवलं. सनई कुठं सुरू होते ते कळावं म्हणून रेकॉर्डच्या मधल्या कागदावर कुंकवाचा ठिपका लावला. डावा हात आवाजाच्या बटणावर, उजवा रेकॉर्डवर. पुढं ढकलून मागं लांब ओढायचं, त्याला त्याचं नाव घिस्सा. आणि झटक्यात पुढं नेऊन डाव्या हातानं आवाज तोडायचा म्हणजे नुसता एक फटका ऐकू येतो, ती ढाक. तालमीत शिकलेलं कशालाच लागलं नाही असं नको व्हायला, म्हणून नावं तरी तिथल्या डावांची. सगळ्यात अवघड होतं ते थांबणं. हलगीवाला मधे कणभर हात वर धरतो, त्यात सगळी गंमत असते, आणि ते कृष्णातला साधत नव्हतं. ते त्याला गजरानं शिकवलं. ती रवंथ करताना मान हलवायची, गळ्यातली घंटा वाजायची. कृष्णात त्या घंटेसाठी थांबायला लागला. घंटा वाजली की घिस्सा, पुन्हा घंटा, मग दोन ढाका. पुढं कधीतरी मुंबईहून आलेल्या एका पाव्हण्यानं त्याला सांगितलं की परदेशातसुद्धा लोक रेकॉर्डी अशा मागंपुढं ओढून वाजवतात. कृष्णात म्हणाला, वाजवू देत की, पण त्यांच्याकडं म्हैस हाय का?

हळूहळू कट्ट्यावरच्या लोकांनी मांजरांची भाषा सोडली. कुणी पेला हातात घेऊन मान हलवायला लागलं, कुणी पायानं ठेका धरला. आण्णा मात्र गोठ्याकडं पाठ करून उभे राहायचे. आल्यापासून पेला रिकामा होईपर्यंत पाठ. कृष्णात कुडाच्या फटीतून ती रुंद पाठ बघायचा, आणखी जोर लावून वाजवायचा, आणि पाठ तसूभरही हलायची नाही.

गणपती आले. गावात कृष्णातला मशीनवर बसवलं तर याची बोटं गप्प बसणार नाहीत हे आकारामनं ओळखलं होतं, म्हणून त्यानं त्याला कर्णे देऊन गगनबावड्याच्या एका मंडळाकडं पाठवलं. तिथं पाऊस असा की ढोलाचं कातडं तापवता तापवता लोक दमायचे. तिकडं काय करायचं ते कर म्हणाला. कृष्णात आपलं मशीन आणि लंगोटाची चकती घेऊनच गेला.

आणि इकडं गजरानं पान्हा चोरायला सुरुवात केली.

हंबीररावांना काही उमगेना. रेडकू लावलं, चाटायला दिलं. गजरा चार धारा देई आणि पाय झाडे. पेंड वाढवली. दृष्ट काढली, लिंबू उतरलं, शिंगांना काळा दोरा बांधला. एका वैदूनं सांगितलं म्हणून तिला गूळ आणि हळद चारली, ती तिनं आवडीनं खाल्ली आणि पुन्हा पाय झाडला. कट्ट्यावर रिकामे पेले घेऊन लोक उभे. आण्णा पहिल्या दिवशी पाव पेला घेऊन परतले, दुसऱ्या दिवशी नुसता फेस, मग तेही नाही. शेजारच्या म्हशीचं दूध घ्या म्हटलं तर ते असे बघत की म्हणणारा मागं सरे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तालमीतल्या पोरांना कारण नसताना मार बसायला लागला.

खरी गोम बयाबाईंच्या ध्यानात आली. त्या शेण न्यायला गोठ्यात गेल्या होत्या तर गजरा सारखी कुडाकडं मान वळवून बघत होती, त्या रिकाम्या सरकीच्या पोत्याकडं. बयाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पोट दुखेपर्यंत हसल्या. महिनोन्‌महिने धार काढताना पलीकडं घिस्से चाललेले, म्हशीनं आपली सांगड घालून घेतली होती. घिस्सा वाजला की पान्हा सोडायचा, नाही वाजला तर नाही. हंबीररावांना हे कळायचं काही कारणच नव्हतं. त्यांना घिस्सा कधी ऐकूच आला नव्हता.

बयाबाईंनी एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर गगनबावड्याला निरोप धाडला की म्हैस तुझ्यावाचून दूध देईना, आण्णांचा पेला रिकामा, लगेच ये. कृष्णातनं तो निरोप दोनदा सांगायला लावला आणि मांडवातच आडवा पडून हसला. मग त्याला एक सुचलं. उलट निरोप त्यानं असा पाठवला की आण्णांनी ये म्हटलं तर येतो. थेट म्हटलं तर, आईच्या तोंडून नको.

बयाबाईंनी ते आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणाले, त्याला सांगा, राहा म्हणावं तिकडंच. आणि आपला पेला राखेनं घासून लख्ख केला आणि फळीवर पालथा घातला.

विसर्जन झालं. आकारामचे कर्णे दुसऱ्या माणसाबरोबर परत आले, कृष्णात आला नाही. तो गगनबावड्यात पाऊस बघत बसला. मंडळाच्या पोरांना म्हणायचा, आता बघा कसं बोलतात. पण संध्याकाळ झाली, धारेची वेळ झाली की त्याचं त्यालाच चुकल्यासारखं व्हायचं. आणि मग ड्रायव्हरनं आणखी एक बातमी आणली. गजराची कास दगडासारखी झालीय, आणि हंबीरराव तिला बाजारात काढायचं म्हणतायत. ऐकल्यावर मात्र कृष्णातचा सगळा खट्याळपणा पळाला. आपली बापाशी चाललेली खोडी म्हशीच्या जिवावर आली. परतीची तीच गाडी पकडून तो मशीन मांडीवर घेऊन निघाला.

संध्याकाळी तो कट्ट्यावर पोचला तर सगळं गिऱ्हाईक जमलेलं. हंबीररावांनी गजराला बाहेर बांधलं होतं, उद्या व्यापारी येणार म्हणून लोक तिला बघायला आले होते. आण्णाही होते, रिकामा पेला घेऊन. कृष्णातनं सगळ्यांदेखत सरकीचं पोतं कुडाबाहेर ओढलं, त्यावर मशीन ठेवलं, हंबीररावांच्या दिव्याच्या तारेला जोडलं, रेकॉर्ड घातली. हात रेकॉर्डवर ठेवला आणि थांबला. एवढं झालं होतं तरी एकदा बघावं म्हणून थांबला.

आण्णांनी घसा साफ केला. ते हंबीररावांकडं वळून म्हणाले, त्याला सांगा, वाजव म्हणावं. हंबीररावांनी कानाला हात लावला. आण्णांनी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. हंबीररावांनी दुसऱ्या कानाला हात लावला. तिसऱ्या वेळी आण्णा असे ओरडले की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. कृष्णात मान खाली घालून रेकॉर्डवरची धूळ पुसत होता. "हंबीरमामा," तो म्हणाला, "मला कोण काय म्हणालं का?"

कट्टा फिसकन हसला. आण्णांची मान लाल झाली, पण तोंड उघडेना. तेवढ्यात गजरानं हंबरडा फोडला, आणि कृष्णातचा धीर सुटला. गेलं उडत बोलणं, असं मनात म्हणून त्यानं सुई टेकवली.

आणि काहीच जमलं नाही. गगनबावड्याच्या ओलीनं लंगोटाची चकती भिजून आंबली होती, खळ सुटली होती. तिथल्या पावसात सराव बंद पडलेला, बोटं जड झालेली. घिस्सा मारावा तर रेकॉर्ड कापडासकट अडायची, ढाक मारावी तर आवाज वेळेवर तुटायचा नाही. गजरानं कान हलवले, जरा आशेनं इकडं बघितलं आणि लाथ झाडली. हंबीररावांची चरवी गटारात गेली. कृष्णातनं पुन्हा मारला, पुन्हा फसला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. लोक चुळबूळ करायला लागले, उद्या व्यापारी येऊ दे म्हणाले.

"आरं डावा हात!"

सगळ्यांनी वळून बघितलं. आण्णा दोन पावलं पुढं आले होते, पेला हातातच, जसे तालमीत मातीच्या हौद्याच्या काठावर उभे राहायचे तसे. "डावा हात ढिला पडलाय तुझा. आन घिश्श्याच्या आधी थांबत हुतास, ते कुठं गेलं?"

इतके महिने पाठ करून उभा राहिलेला माणूस प्रत्येक घिस्सा, प्रत्येक ढाक कानात साठवत होता, हे सगळ्यांना एकदम कळलं. कृष्णातला सगळ्यात शेवटी कळलं. त्यानं कसंबसं विचारलं, "कुठं थांबू, आण्णा?"

"घंटा वाजू दे तिची. मग वढ. घाई कशापायी?"

कृष्णातनं डावा हात घट्ट केला. गजरानं मान हलवली, घंटा वाजली, त्यानं कणभर दम धरला आणि ओढला. आंबल्या कापडावरसुद्धा घिस्सा लांब आणि साफ निघाला. पुन्हा घंटा, मग दोन ढाका. "आस्सं," आण्णा म्हणाले. गजराचे पाय थांबले, कान खाली आले, तिनं एक लांब सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला. हंबीररावांना धावत जाऊन दुसरी चरवी आणावी लागली, मग तिसरी. पहिला पेला आण्णांचा. त्यांनी तो एका दमात संपवला आणि मिशी पुसली. व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून सांगायला कट्ट्यावरून एकदम चौघं धावले.

गर्दी पांगल्यावर आण्णा मशीनपाशी आले. रेकॉर्डची कड उचलून त्यांनी खाली बघितलं. लाल गोल कापड, त्यावर बुरशीचे हिरवे ठिपके. त्यांनी ते बोटांनी चाचपलं आणि शिवण ओळखली.

"जयसिंगपूरचा?"

"व्हय."

आण्णांनी रेकॉर्ड खाली ठेवली आणि पुन्हा पाठ फिरवून ते घराकडं चालायला लागले. मारुतीच्या पायाला लावलेला लंगोट कृष्णातनं कातरीनं कापला होता. आता जे मिळालं तेही गेलं असं त्याला वाटलं. रात्री जेवायला बसले तर आण्णा बयाबाईंकडं बघून म्हणाले की त्याला सांगा, भाकरी घे म्हणावं. कृष्णातनं मान वर केली नाही. बयाबाईंनी भाकरी त्याच्या ताटात अशी आपटली की कालवण सांडलं, आणि दोघांनाही ऐकू जाईल असं पुटपुटल्या की दोन रेडे आणि मधे मी.

सकाळी कृष्णातला जाग आली ती आईच्या आरडाओरड्यानं. परड्यातल्या दोरीवर आण्णांचा लंगोट वाळत होता. साधासुधा नव्हे, खासबागेच्या मैदानात ज्यात त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती मारली तो, ट्रंकेत कापराच्या वड्यांत ठेवलेला, बयाबाईंना धुवायलासुद्धा न मिळणारा. त्याच्या ऐन मधोमध मोठं भोक होतं. बयाबाई म्हणत होत्या, उंदरांनी दावा साधला. कृष्णातनं जवळ जाऊन भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. इतकं गोल कुठला उंदीर कुरतडत नाही.

तो तसाच अनवाणी गोठ्यात गेला. सरकीच्या पोत्यावर मशीन मांडून ठेवलेलं होतं. थाळीवर नवी चकती, खळ घालून कडक केलेली, निखाऱ्याच्या तांब्यानं इस्त्री केलेली, अजून कोमट. गजरा कट्ट्यापाशी उभी होती, हंबीरराव चरवी घेऊन बसले होते, आणि शेजारी आण्णा पेला धरून उभे होते. त्यांचं तोंड आज गोठ्याकडं होतं.

"उशीर किती?" ते कृष्णातला म्हणाले. "लाव सुई."